आधी मांसाची सोय

बंदूक सगळ्यात शेवटी भरायची, असं काकांनी सुरुवातीलाच सांगून टाकलं. त्याआधी स्लेजवर जे चढायचं होतं त्याचा ढीग त्यांच्या गॅरेजमध्ये रोज वाढत होता. दोन ताडपत्र्या, मांस भरायच्या जाळीदार कापडी पिशव्यांची चळत, हाडं कापायची करवत, कुऱ्हाड, तीन सुऱ्या, धार लावायचा दगड, दोर, कप्पी, पेट्रोलचे डबे, स्नोमशीनचा जादा पट्टा आणि प्लग. या सगळ्याच्या मुळाशी एकच प्रश्न होता. जनावर पडलं, तर उणे तीस अंशांत, मांडीभर बर्फातून, वस्तीपासून लांबून आपण ते पुरतं घरी आणू शकू का? ‘हो’ म्हणता येत नाही तोवर निघायचं नाही, हा त्यांच्या घरचा नियम.

माझी ताई फेअरबँक्सला राहते. अलास्काच्या ऐन मध्यभागातलं हे शहर, आर्क्टिक वृत्तापासून जेमतेम दोनशे किलोमीटर खाली. शेजारच्या जोडप्याला ताईकडे सगळे काका-काकूच म्हणतात. काका सत्तरीचे, जन्मभर सुतारकाम केलेले. काकूंचं माहेर मिंटो, म्हणजे शहराच्या पश्चिमेचं अथाबास्कन लोकांचं छोटं गाव. त्या गावाच्या पंचक्रोशीत तळी, नाले आणि दलदल यांची अफाट सपाटी पसरली आहे. तिला मिंटो फ्लॅट्स म्हणतात. उन्हाळ्यात तिथे बदकं, पाणी आणि डास. हिवाळ्यात सगळं गोठलं की स्नोमशीनला वाट मोकळी होते. त्या सपाटीवर हिवाळ्यात मूसच्या माद्यांचे ठरावीक परवाने निघतात आणि यंदा एक काकांच्या नावावर होता. फेब्रुवारी चालू होता. दिवस आठ तासांच्या वर गेला होता आणि रोज सहा-सात मिनिटांनी वाढत होता.

माझा बंदुकीशी संबंध नव्हता. परदेशी पाहुण्याला अलास्कात परवानाधारक वाटाड्याशिवाय मोठ्या जनावराची शिकार करता येत नाही, आणि मला करायचीही नव्हती. मी जाणार होते ती ओझी उचलायला, बर्फ वितळवून पाणी करायला आणि डोळे उघडे ठेवून बघायला. तिसरा काकांचा भाचा. त्याचं दुसरं स्नोमशीन, कारण एकट्या मशीनवर त्या सपाटीत कुणी शहाणा माणूस उतरत नाही. मशीनवर तासाभरात कापलेलं अंतर, मशीन बंद पडलं की, मऊ बर्फातून चालत यायला दिवस घेतं.

मूस हा हरणांच्या कुळातला सगळ्यात मोठा प्राणी, आणि अलास्कातला मूस त्यांच्यातही सगळ्यात दांडगा. मोठा नर सव्वासातशे किलोपर्यंत भरतो. खांद्याशी त्याची उंची सहा फुटांच्या वर जाते. अशा नरातून सव्वादोनशे किलोच्या आसपास निव्वळ मांस निघतं. मादी त्याहून लहान, तरी एका घराचा हिवाळा काढायला पुरेशी. अलास्कात पावणेदोन ते दोन लाख मूस आहेत आणि दरवर्षी सहा ते आठ हजारांची शिकार होते. त्यातून राज्यातल्या घरांना मिळणारं मांस सुमारे सोळा लाख किलो. काकूंच्या स्वयंपाकघरात बसलं की हा आकडा खरा वाटू लागतो. तिथे दुकानातलं गोमांस मी एकदाही पाहिलं नाही.

शिकार म्हटलं की आजवर माझ्या डोळ्यांपुढे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्यातलं ते दालन यायचं. पेंढा भरलेले वाघ, गवे, भिंतीवरची शिंगं, आणि बाजूला संस्थानी छायाचित्रांतले शिकारी. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते सगळं थांबवलं, आणि थांबवलं ते बरंच झालं. पण त्यामुळे माझ्या मनात शिकार म्हणजे शिंगं आणि छायाचित्र एवढंच उरलं होतं. काकांच्या गॅरेजमध्ये शिंगांचा विषय निघाला नाही. फेब्रुवारीत नरांच्याही डोक्यावर शिंगं नसतात, ती हिवाळ्याच्या पहिल्या अर्ध्यातच गळून पडतात. आणि तिथला कायदा शिंगांच्या नव्हे, मांसाच्या बाजूनं उभा आहे. चारही पाय, फासळ्या, मान, छाती, पाठीच्या कण्यालगतचं मांस, यांतलं खाण्याजोगं काहीही रानात टाकून आलात तर तो गुन्हा. शिक्षा किमान सात दिवसांचा तुरुंग आणि किमान 2,500 डॉलर दंड. शिंगं आधी आणि मांस मागाहून, हेही चालत नाही. आधी मांस बाहेर काढायचं, शिंगं त्याच्याबरोबर किंवा त्यानंतर. मला हा कायदा फार मोलाचा वाटला. मारण्याचा हक्क देताना त्यानं माणसाच्या पाठीवर तेवढंच ओझं दिलं आहे.

हे ओझं न पेलल्याची एक गोष्ट अलास्कात सगळ्यांना ठाऊक आहे. 1992 च्या जूनमध्ये ख्रिस मॅककँडलेस या तरुणानं स्टॅम्पीड ट्रेल या रानवाटेवरच्या एका जुन्या, पुढे प्रसिद्ध झालेल्या बसजवळ एकट्यानं मूस मारला. उन्हाळ्याचे दिवस, माश्या घोंगावणाऱ्या. मांस धुरावर टिकवायचा त्यानं आटापिटा केला, पण ते टिकलं नाही. अळ्या पडल्या आणि जनावर वाया गेलं. त्याची खंत त्यानं स्वतःच्या नोंदवहीत लिहून ठेवली. ऑगस्टमध्ये तोही त्याच बसमध्ये भुकेनं गेला. ती बस 2020 मध्ये हेलिकॉप्टरनं उचलून नेली आणि आता ती फेअरबँक्सच्या विद्यापीठ संग्रहालयाच्या ताब्यात आहे. बाहेरचे लोक त्या तरुणाविषयी बोलताना मृत्यूबद्दल बोलतात. काकांनी मात्र त्या मूसबद्दलच सांगितलं आणि सांगताना त्यांचा आवाज उतरला होता.

मला वाटत होतं, हिवाळ्यात तरी ही चिंता नाही, सारा मुलूखच फ्रीजर आहे. काकूंनी मान हलवली. मूसची कातडी जाड, केस आतून पोकळ, शरीर अवाढव्य. बाहेर उणे तीस असलं तरी कातडीआडची उष्णता तासन् तास बाहेर पडत नाही आणि मागच्या पायाच्या खुब्याजवळचं मांस हाडालगत आंबतं. उलट उघडा पडलेला भाग लाकडासारखा गोठतो आणि मग त्यात सुरी चालत नाही. म्हणजे एकीकडे लवकर सोलायची घाई, दुसरीकडे गोठण्याआधी कापायची घाई, आणि हे सगळं तीन माणसांनी, ओल्या हातमोज्यांनी, मावळत्या उजेडात. त्यासाठी काकूंनी फ्रीजरमधला गेल्या मोसमातला उरलेला शेवटचा पुढचा पाय रात्रभर बाहेर काढून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी ओट्यावर घेतला.

‘‘इथे बोट घाल,’’ त्या म्हणाल्या. गुडघ्याच्या वर, स्नायूच्या दोन पट्ट्यांमध्ये एक मऊ खोबण लागली. त्यांनी सुरीचं टोक तिथे ठेवलं, पाय जरासा पिरगळला आणि पांढरा शिरबंध कापल्याबरोबर सांधा आपसूक उघडला. हाडाला सुरी लागलीच नाही. ‘‘करवत ज्याला सांधा सापडत नाही त्याच्यासाठी,’’ असं म्हणून त्यांनी सुरी माझ्या हातात दिली. त्या दुपारी मी तो एकच सांधा पुन्हा पुन्हा चाचपत राहिले, डोळे मिटून, मग हातमोजे घालून. संध्याकाळी त्याच पायाचा रस्सा झाला.

काकांची तयारी बंदुकीची, पण तीही थंडीशी भांडण्याचीच. त्यांची बंदूक जुनी .30-06, बोल्टची. त्यांनी बोल्ट सुटा केला, आतली पिन आणि स्प्रिंग काढली आणि स्टोव्हच्या पांढऱ्या पेट्रोलात धुऊन तेलाचा अंशही शिल्लक ठेवला नाही. साधं तेल कडाक्याच्या थंडीत चिकट गोळा होतं, पिन सुस्तावते आणि चाप ओढला तरी बार उडत नाही. तेलाऐवजी त्यांनी ग्राफाइटची बारीक पूड चिमटीनं लावली. त्यानंतर बंदूक घरात आणली नाही. बाहेरच्या शेडमध्ये ठेवली, कारण उबेत आणलेल्या थंड लोखंडावर दव जमतं आणि पुन्हा बाहेर नेलं की त्याच दवाचा बर्फ होऊन यंत्र जखडतं. नळीच्या तोंडावर बर्फ जाऊ नये म्हणून चिकटपट्टी. थंडीत गोळी जरा खाली लागते, म्हणून शहराबाहेरच्या चांदमारीच्या जागी जाऊन त्यांनी त्याच थंडीत नेम पडताळून घेतला.

कपड्यांचं शास्त्र ताईनं शिकवलं. अंगाला सुती काही नको, सूत घाम धरून ठेवतं आणि तोच पुढे गारठवतो. लोकरीवर लोकर, वर पिसांचं जाकीट, त्यावर वारा अडवणारा थर. पायांत पांढरे फुगीर रबरी बूट, कोरियाच्या युद्धाच्या काळात अमेरिकी लष्करानं बनवून घेतलेले. त्यांची ऊब रबराच्या दोन थरांत बंद असल्यामुळे आत पाणी शिरलं तरी पाय गोठत नाहीत. हे बूट मी आधी अवजड म्हणून बाजूला सारणार होते, पण ओव्हरफ्लोचं ऐकलं आणि हट्ट सोडला. गोठलेल्या नदीतलं पाणी दाबानं बर्फाच्या लादीला तडा देऊन वर येतं आणि मऊ बर्फाच्या पांघरुणाखाली न गोठता पसरून राहतं. वरून काहीच दिसत नाही. मशीन त्यात रुतलं की उतरून ढकलावं लागतं, आणि उणे तीसमध्ये भिजलेला साधा बूट म्हणजे बोटं गमावण्याची वेळ.

खाण्याची बांधाबांध माझ्याकडे आली. काकूंनी मूसचा खिमा आणि राजमा शिजवून चपट्या पिशव्यांत गोठवला होता, वाळवलेल्या सॅमनच्या पट्ट्या होत्या, लोण्याच्या वड्या होत्या. मी डिंकाचे लाडू आणि शेंगदाण्याची चिक्की केली. थंडीत शरीर तूप-गूळ मागतंच. पण लाडू डब्यात ठेवला तर दगड होतो, म्हणून दिवसाचा वाटा जाकिटाच्या आतल्या खिशात, अंगाशी. पाण्याची बाटलीही तिथेच, आणि सॅटेलाइटवरून निरोप धाडणारं यंत्रही, कारण त्याची बॅटरी थंडीत मान टाकते. जाड हातमोजे घालून काडी ओढायची, चूल पेटवायची, गाठ सोडायची, याची तालीम आम्ही ताईच्या अंगणात केली. पेटवणाला बर्चची साल. बर्च म्हणजे आपल्या भूर्जाच्या कुळातलं झाड. त्याची साल ओली असली तरी तेल असल्यासारखी भडकते.

निघण्याच्या आदल्या रात्री काकांनी वन्यजीव खात्याची सूचना पुन्हा तपासली. अशा शिकारीत माद्यांची संख्या ठरलेली असते. ती भरली की तातडीचा आदेश निघतो आणि मोसम मुदतीआधीच बंद होतो. रानात असताना बंद झाला तर ‘मला कळलं नाही’ ही सबब चालत नाही. शेजारचे एक गृहस्थ कुंपणापाशी आले आणि त्यांनी विचारलं, कुठे निघालात? काका म्हणाले, ‘‘जरा बघून येतो.’’ काकूंच्या माणसांत मूस मारायला चाललो असं कुणी तोंडानं म्हणत नाही. जनावर स्वतःहून देतं तेव्हाच मिळतं, आणि बढाई मारणाऱ्याला ते काही देत नाही, अशी त्यांची श्रद्धा. काका गोरे, पण चाळीसेक वर्षांच्या संसारात ही रीत त्यांचीही झाली आहे.

मिंटोचं मूसशी किती घट्ट नातं आहे, हे सगळ्या अलास्काला एका खटल्यानं कळलं. 1975 च्या ऑक्टोबरात गावातला एक तरुण वारला. अंत्यविधीच्या पॉटलॅचला, म्हणजे गावजेवणाला, मूसचं ताजं मांस हवंच. मोसम बंद असताना गावकऱ्यांनी एक मादी मारली. मांस वाहून आणणाऱ्यांपैकी कार्लोस फ्रँक यांच्यावर खटला भरला आणि खालच्या न्यायालयांनी त्यांना दोषी ठरवलं. 1979 मध्ये अलास्काच्या सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. या विधीत मूस म्हणजे निव्वळ जेवण नव्हे, तो धर्माचरणाचा गाभा आहे आणि राज्यघटना त्याचं रक्षण करते, असं न्यायालय म्हणालं. आज अंत्यविधीसाठी मूस घेण्याची तरतूद राज्याच्या नियमांतच आहे. काकूंनी हे सांगताना निकालाबद्दल फारसा आनंद दाखवला नाही. जे त्यांच्या घरात चालतच आलं होतं ते सिद्ध करायला चार वर्षं न्यायालयात जावं लागलं, याचंच त्यांना वाईट वाटत होतं.

पहाटे मर्फी डोमवर पोहोचलो. शहराच्या पश्चिमेचा हा उघडा डोंगर, माथ्यावर लष्करी रडारचा पांढरा घुमट. आपल्याकडे घाट चढला की गारवा लागतो. इथे हिवाळ्यात उलट. जड गार हवा खोऱ्यात साचते आणि डोंगरमाथा उबदार राहतो. वर उणे पंधरा होतं. मशीनवरून चॅटनिका नदीकडे उतरू लागलो तसतशी थंडी दातांत भरत गेली आणि सपाटीवर पोहोचलो तेव्हा काट्यानं उणे तीस ओलांडलं होतं. पापण्यांना पापण्या चिकटत होत्या. श्वासाचं धुकं मफलरवर बर्फ होऊन बसत होतं. पुढे काका, मध्ये स्लेजवर मी, मागे भाचा. नदीच्या प्रत्येक वळणावर काका थांबत, स्प्रूसची लांब काठी बर्फात खुपसत आणि टोक ओलं निघालं नाही याची खात्री करूनच पुढे जात.

मूसच्या खुणा लगेच दिसू लागल्या. विलोची, म्हणजे वाळुंजाच्या कुळातली झुडपं एका उंचीवर सपासप खुडलेली. हिवाळाभर मूस या कोरड्या काड्यांवर जगतो आणि त्यातून पोटापुरतंही मिळत नाही, शरीरातली चरबी जळत जाते. म्हणून तो एक पाऊलही वाया घालवत नाही. बर्फ दोन-सव्वादोन फुटांवर गेला की त्याला चालणं जड होतं आणि मग तो माणसांनी पाडलेल्या वाटेवर येऊन उभा राहतो आणि हलत नाही. 1985 च्या इडिटारॉड या कुत्र्यांच्या स्लेज-शर्यतीत सुझन बुचर यांच्या कुत्र्यांच्या संघापुढे असाच एक मूस उभा ठाकला आणि त्यानं दोन कुत्री मारली. बुचर यांना शर्यत सोडावी लागली आणि त्या वर्षी लिबी रिडल्स ती जिंकणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. चालत्या मशीनवरून गोळी घालणं किंवा मशीननं जनावराला पळवून दमवणं तर कायद्यानंच मना आहे. काका म्हणाले, कायदा नसता तरी त्यांनी ते केलं नसतं. दमलेल्या मूसला पळवणं म्हणजे त्याचा मार्च महिना चोरणं.

दुहेरी कापडाचा तंबू, आत लाकडाची छोटी चूल. रात्री हिरवा ध्रुवीय प्रकाश दिसला. त्याचं वर्णन इतरांनी पुष्कळ केलं आहे, मला त्या रात्री ओले मोजे वाळवण्याचं काम महत्त्वाचं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका गोठलेल्या तळ्याच्या काठावर मादी उभी होती, दोनशे पावलांवर. वारा आमच्याकडे, उजेड पाठीमागून, जागा सपाट, स्लेज थेट जवळ नेता येईल अशी. आठवडाभर ज्या प्रश्नाभोवती आम्ही बांधाबांध केली, त्याचं उत्तर इथे सरळ ‘हो’ होतं. काकांनी बंदूक वाळक्या खोडावर टेकवली आणि थांबले. ते तिच्या छातीकडे नव्हे, कानांकडे बघत होते. एक कान आमच्याकडे होता, दुसरा पुन्हा पुन्हा मागे वळत होता. मिनिटं गेली. मग तिच्या मागच्या विलोमधून एक आखूड तोंड बाहेर आलं. गेल्या वसंतातलं पिल्लू. मूसचं पिल्लू पाच महिन्यांत सव्वाशे किलो ओलांडतं आणि वर्षभर आईला सोडत नाही. लांबून ते मोठ्या जनावरासारखंच दिसतं, फक्त चेहरा आखूड. पिल्लू आणि पिल्लासोबतची मादी, दोन्ही या परवान्यात वर्ज्य. काकांनी बोल्ट मागे ओढला, काडतुसं एकेक काढून हातमोज्यात घेतली आणि खिशात टाकली. भाच्यानं काही विचारलं नाही. मादीनं आमच्याकडे एकदा बघितलं आणि पुन्हा काड्या खुडू लागली.

पिल्लू नसलेली मादी त्यानंतर दिसली नाही. ताडपत्र्या घडी न मोडता परत आल्या. आम्ही घरी आल्यावर थोड्याच दिवसांत आकडा भरला, आदेश निघाला आणि मोसम बंद झाला. काकूंच्या फ्रीजरमध्ये मूस नव्हता.

त्याच आठवड्यात मिंटोकडच्या एका घरातून मागचा एक अख्खा पाय आला. सोबत राज्याचा एक साधा कागद होता, मांस कुणी कुणाला दिलं हे लिहून दोघांनी सही करायचा. अलास्कात शिकारीचं मांस विकता येत नाही. देता येतं.